तिसरं नको

जयराज इंगवलेंचा सूड घ्यायचा हे केतकी चौगुलेनं आईच्या तेराव्याला ठरवलं, भर पंगतीत, हातात वरणाचं भांडं असताना.

चौगुल्यांकडे दिवसांच्या जेवणाला आग्रह करत नसत. वाढायचं, पानावरच्या माणसानं हात आडवा केला की पुढं सरकायचं. मामांनी हात आडवा केला, ती सरकली. शेजारच्या शांताकाकूंनी हात आडवा केला, ती सरकली. ओळीच्या टोकाला पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं तर निम्म्याहून जास्त पानांवर भात कोरडा होता आणि माणसं पाण्याचे घोट घेत बसली होती. सगळ्यांनी नको म्हटलं होतं आणि सगळे उपाशी होते. केतकीनं वरणाचं भांडं तिथंच जमिनीवर ठेवलं. बघणाऱ्यांना वाटलं, पोरीला आईची आठवण आली. आठवण होतीच, पण त्याहून जास्त संताप होता.

तिची आई इंदुमती म्हणजे गडहिंग्लजच्या त्यांच्या गल्लीची आक्का. बारसं असो, साखरपुडा असो, वाढायला आक्का नसली तर कार्य पार पडल्यासारखं कुणाला वाटायचं नाही. पदर खोचून ती ओळीतून फिरायची आणि कुणाचं कोणतं नको खरं आहे हे तिला चेहऱ्याकडे न बघताही कळायचं. लहानपणी केतकीला तिनं चटणी वाढायला शिकवलं तेव्हाच नियम सांगून टाकला होता.

"पहिलं नको तोंडाचं असतंय," आक्का म्हणाली होती. "दुसरं लाजेचं. तिसरं पोटाचं. तिसऱ्याला मात्र थांबायचं गं. त्याच्यापुढं वाढलं तर तो जुलूम."

केतकीनं पुढं एवढी बुकं वाचली, परदेशात जाऊन आली, पण तिची सगळी विद्या उभी राहिली ती या पाच वाक्यांवर.

ती शिकली वर्तनविज्ञान. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. माणूस काय निवडतो हे त्याच्या मनावर जेवढं ठरतं तेवढंच, कधी कधी त्याहून जास्त, निवड त्याच्यापुढं कशी ठेवलीय यावर ठरतं. खानावळीत डोळ्यांच्या उंचीला काकडी ठेवली तर काकडी खपते, भजी ठेवली तर भजी खपतात. अर्जावर 'हो'च्या चौकटीत आधीच खूण करून ठेवली तर दहातले आठ जण ती पुसण्याचे कष्ट घेत नाहीत. कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही, फक्त जमिनीला जरा उतार दिलेला असतो आणि माणूस आपण आपल्या मर्जीनं चाललोय असं समजून खाली जातो.

आधी हा उतार सगळ्यांना सारखाच असायचा. २०४०च्या सुमारास यंत्रं आली आणि माणसागणिक वेगळा उतार तयार करायला लागली. मनगटावरची पट्टी नाडी मोजते, घरातला डबा आवाज ऐकतो. दिवसभरातल्या शेकडो बारीकसारीक निवडींवरून यंत्र शिकत जातं, की या माणसाला कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत, किती वेळा विचारलं म्हणजे तो काय म्हणेल. कोल्हापुरात जयराज इंगवलेंनी 'सुकर' नावाची कंपनी काढली ती याच कामासाठी, आणि विचारण्याचे शब्द ठरवणाऱ्या विभागाची प्रमुख म्हणून केतकीला आणली.

तिथं तिनं आक्काचा नियम मोजून पाहिला. नऊ हजार घरांतले नकार तपासले. निघालं ते असं, की पहिला नकार सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात येतो, म्हणजे प्रश्न डोक्यात शिरायच्याही आधी. ती निव्वळ जिभेची सवय. दुसरा नकार एक श्वास घेऊन येतो. तिसरा सावकाश, खालच्या सुरात. पहिल्यांदा नको म्हणणाऱ्या दहा जणांपैकी सहा जण तिसऱ्या विचारण्यापर्यंत हो म्हणतात. निष्कर्ष वाचून केतकी एकटीच हसली होती. नऊ हजार घरं पालथी घालून तिनं आईचं म्हणणं खरं ठरवलं होतं.

मग 'शेजारीण' तयार झाली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात ठेवायचा हा पोळ्यांच्या डब्याएवढा डबा. गोळ्यांची आठवण करायची, दोन गोष्टी बोलायच्या, आणि मनगटातल्या पट्टीनं काही वावगं कळवलं की विचारायचं, डॉक्टरांना बोलावू का. केतकीनं नियम लिहिला, तीनदा विचारायचं. दर वेळी शब्द बदलून, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन. आराखड्यावर तिनं झोकात सही केली आणि पहिल्या शंभर डब्यांतला एक स्वतःच्या हातानं आक्काच्या फडताळावर नेऊन ठेवला.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, आक्काच्या नाडीनं ठेका सोडला.

जे झालं ते डब्यात नोंदलेलं होतं आणि केतकीनं ते इतक्या वेळा ऐकलं की तिला त्यातले श्वाससुद्धा पाठ झाले. शेजारीण विचारते, "आक्का, बरं वाटत नाही ना? डॉक्टरांना बोलावू का?" आक्का लगेच म्हणते, "नको बाई, कशाला कुणाला तरास." शेजारीण म्हणते, "बरं. आपल्या निर्णयाचा आदर आहे." त्यानंतर दोन तास चाळीस मिनिटं. नळाचं पाणी, बाहेर भाजीवालीची हाळी, दोनदा खोकला, एकदा "आई गं". त्यात प्रश्न नव्हता की हुकूम नव्हता, म्हणून शेजारीण गप्प राहिली. नंतर आक्काही गप्प झाली.

'आपल्या निर्णयाचा आदर आहे' हे वाक्य केतकीनं लिहिलेलंच नव्हतं.

ते कुणी घातलं हे शमीम मुल्लानं शोधून दिलं. शमीम कंपनीच्या सगळ्या नोंदी सांभाळायची, मिरजेची, केतकीची एकुलती एक मैत्रीण. तिनं पडदा केतकीकडे वळवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभी राहिली. अकरा महिन्यांपूर्वी डब्यांची एक नवी आवृत्ती निघाली होती. तीनदा विचारायचा नियम काढून एकदाच विचारायचा नियम आला होता. मंजुरी जयराज इंगवले यांची. विभागप्रमुखाला कळवायची गरज नाही, असा शेरा. आवृत्तीचं नाव होतं 'आदर'.

केतकी तडक वर गेली. इंगवले उठून उभे राहिले, तिला बसवलं, चहा मागवला. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. मधाचं बोट लावत बोलायचा आणि ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळायचं की आपल्याला काहीच मिळालेलं नाही. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तीनदा विचारल्यामुळं रुग्णवाहिका फार धावायच्या आणि निम्म्या वेळा काही निघायचंच नाही. सरकारच्या आरोग्यखात्याला बोलावणी एक तृतीयांशानं कमी झालेली हवी होती. एकदाच विचारल्यावर ती चाळीस टक्क्यांनी कमी झाली. शिवाय यात तत्त्वाचा प्रश्न होता, आणि त्या तत्त्वाबद्दल त्यांचा दिल्लीत सत्कारही झाला होता.

"वाईट वाटतं बघ मला," ते म्हणाले. "पण आक्कांनी नको म्हटलंय, केतकी. त्यांच्या आवाजात आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या शब्दाला काही किंमत द्यायची की नाही आपण?"

तिनं चहाचा कप बाजूला सारला. ते आणखी हळू बोलले.

"आणि मूळ आराखड्यावर सही तुझी आहे, हे पण लक्षात असू दे."

या बोलण्याच्या चौथ्या दिवशी तेरावं होतं.

आक्का एकटी नव्हती. अशा एकेचाळीस घरांतली माणसं एकत्र आली आणि सरकारनं निवृत्त न्यायाधीश मंदाकिनी पागनीस यांच्याकडे चौकशी सोपवली. पण चौकशी रेंगाळायला लागली. इंगवले दर तारखेला नम्रपणे हजर व्हायचे आणि एकेचाळीस आवाज एकामागून एक ऐकवायचे. नको. नको गं. नको हो, कशाला. माणूस स्वतःच्या तोंडानं नको म्हणतो तेव्हा ते नकोच धरायचं असतं, एवढं एकच वाक्य ते बोलायचे आणि त्यावर कुणाला काही सुचायचं नाही. केतकीनं साक्षीत तिचं संशोधन मांडलं तर त्यांच्या वकिलानं विचारलं, स्वतःची सही वाचवायला आता तुम्ही हे सांगताय ना? दिवाळीपर्यंत काही नवं पुढं आलं नाही तर चौकशी बंद होणार होती. आणि 'आदर' राज्यातल्या आठ लाख घरांत तसाच राहणार होता.

केतकी विचार करकरून एका ठिकाणी पोचली. पहिलं नको हे नको नसतं, हे कुणी म्हटलं म्हणजे ऐकलं जाईल? ती म्हणून उपयोग नव्हता. एकेचाळीस घरं म्हणून उपयोग नव्हता. ते जयराज इंगवलेंनी म्हणायला हवं होतं, स्वतःहून, लेखी, आणि तळतळून.

त्यासाठी त्यांचं काहीतरी असं जायला हवं होतं, की ज्याच्यासाठी त्यांचा जीव टांगलेला आहे.

ती पुन्हा कामावर गेली. मान खाली घालून, मूग गिळून. इंगवलेंना बरं वाटलं. त्यांना एक हौस होती. कंपनीत निघालेलं प्रत्येक यंत्र पहिल्यांदा स्वतःवर वापरून बघायचं. त्यांची गाडी, कॉफीचं यंत्र, भेटींचं वेळापत्रक, मनगटातली पट्टी, सगळं चाचणीच्या आवृत्तीवर चालायचं आणि चाचणी केतकीच्या ताब्यात होती. तिनं त्यांच्याकडे एक परवानगीचा अर्ज पाठवला. जुना तीनदा विचारायचा नियम आणि तिसऱ्या उत्तराला खास सेवा, हे दोन्ही तुलनेसाठी आपल्या यंत्रांवर ठेवू का? 'हो'च्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. इंगवलेंनी ती पुसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कॉफीचं यंत्र त्यांना तीनदा विचारायला लागलं. पहिल्यांदाच हो म्हटलं तर मिळायची ती कॉफी बरी असायची. तिसऱ्यांदा हो म्हटलं तर फक्कड, वेलदोडा घातलेली, हवी तेवढी गरम. गाडी विचारायची, निघायचं का? दोनदा थांबवून मग निघालं की वाटेतले सिग्नल मोकळे असलेला रस्ता मिळायचा. वेळापत्रकानं व्यासपीठावरची पुढची खुर्ची विचारली आणि नको म्हटलं की मानाची मधली मिळायची. दर वेळी असं व्हायचं नाही. दहातून सात वेळा व्हायचं. दर वेळी मिळालं तर माणसाच्या लक्षात येतं, आणि अधूनमधून हुकलं की सवय उलट घट्ट होते, हे शास्त्रात जुनंच आहे.

दहा आठवड्यांत सवय अंगात उतरली. इंगवले कशालाही आधी नको म्हणायला लागले. मूळचे कोल्हापूरकडचेच, पहिल्या विचारण्याला हो म्हणणं हावरेपणाचं असतं हे बाळकडू त्यांना होतंच. केतकीनं फक्त त्याला खतपाणी घातलं. गंमत अशी की माणूस आपल्या सवयीला स्वतःच छान कारण शोधून देतो. एका मुलाखतीत इंगवले म्हणाले, अलीकडे मला कशाचाच मोह वाटत नाही. केतकीनं ती मुलाखत दोनदा पाहिली आणि तिला किती तरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

शमीमला नोंदींतून हे कळल्याशिवाय राहणार नव्हतंच. एक दिवस जेवायच्या सुट्टीत ती डबा न उघडता समोर बसली.

"त्यानं जे केलं तेच तू करतीयेस," ती म्हणाली.

"हो," केतकी म्हणाली. "तेच."

शमीमनं डबा उघडला. मग आक्काच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळ्यांची आठवण काढली. तिनं नोंदी पुसल्या नाहीत आणि कुणाला दाखवल्याही नाहीत. केतकीच्या मनात तेव्हा काय होतं ते सरळ सांगायचं तर तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तिनं काहीच थांबवलं नाही.

इंगवलेंचा जीव टांगलेला होता तो राष्ट्रीय निवड आयोगाच्या अध्यक्षपदावर. देशातला कुठला अर्ज कसा असावा, कोणत्या चौकटीत आधी खूण असावी, कुणाला किती वेळा विचारावं, हे सगळं हा आयोग ठरवणार होता. अकरा वर्षं ते त्यासाठी दिल्लीचे उंबरे झिजवत होते. यादीत त्यांचं नाव पहिलं असल्याची कुणकुण लागली होती. पदं देण्याची नवी पद्धतही त्यांनीच सुचवलेली होती. पूर्वी लोक आधी नको म्हणायचे, मग मनधरणी करून घ्यायचे, त्यात महिने जायचे. आता यंत्र थेट माणसाला विचारणार, एकदाच. दिलेलं उत्तर अंतिम. नको आलं तर दहा सेकंदांत यादीतल्या पुढच्या नावाला विचारणा. हे यंत्र म्हणजे दुसरं तिसरं काही नसून सरकारनं घेतलेली 'आदर'चीच आवृत्ती होती.

त्या आवृत्तीला केतकीनं हातही लावला नाही. त्या आठवड्यात कधीही विचारणा येईल एवढं कळलं होतं, आणि यंत्र माणसाच्या वेळापत्रकात बघून तो प्रसन्न नि मोकळा असेल अशी वेळ निवडतं हे तिला ठाऊक होतं. तिनं इंगवलेंच्या वेळापत्रकात रविवारी दुपारी सव्वा वाजता एक खूण केली. प्रसन्न, मोकळे.

त्या रविवारी त्यांच्या मुलीचा, मृण्मयीचा, साखरपुडा होता. इंगवलेंनी हौसेनं पाटांवरची पंगत घातली होती, केळीची पानं, रांगोळ्या, उदबत्त्या. कंपनीतली माणसं आली होती. केतकीनं पदर खोचून जिलेबीचं ताट उचललं तेव्हा इंगवलेंच्या पत्नीला फार कौतुक वाटलं. हल्लीच्या मुली वाढत नाहीत हो, असं त्या विहीणबाईंना म्हणाल्या.

सव्वाला दोन मिनिटं असताना केतकी इंगवलेंच्या पानासमोर आली. व्याही त्यांच्या शेजारी बसले होते.

"सर, जिलेबी."

"नको, नको."

"एकच घ्या."

"अगं नको, खरंच."

तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी हसून हात बाजूला घेतला आणि तिनं दोन वाढल्या. व्याही म्हणाले, आमच्या व्याह्यांना आग्रह लागतो. सगळे हसले. त्या हसण्यातच इंगवलेंच्या मनगटातली पट्टी बोलली. आवाज स्पष्ट होता आणि आजूबाजूची दहा पानं गप्प झाली.

"जयराज इंगवले, राष्ट्रीय निवड आयोगाचं अध्यक्षपद आपण स्वीकारता का?"

इंगवलेंचा चेहरा उजळला. त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, आणि उजवा हात पानात असल्यामुळं डावा हात छातीवर ठेवला.

"नको हो," ते म्हणाले. "आमच्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं आहेत."

सेकंदाचा तिसरा हिस्सा. केतकीला मोजायची गरज नव्हती, तिला ते ऐकू आलं. इंगवले दुसऱ्या विचारण्यासाठी चेहरा तयार ठेवून थांबले.

"बरं," पट्टी म्हणाली. "आपल्या निर्णयाचा आदर आहे."

ते तसेच हसत राहिले. व्याही म्हणाले, घ्यायचं हो, असं काय करता. इंगवले पट्टीकडे बघून म्हणाले, "बघू की. विचारा तर खरं." पट्टी बोलली नाही. त्यांनी ती दुसऱ्या हातानं दाबली, आणि जिलेबीचा पाक त्यांच्या शर्टाच्या बाहीला लागला. पुन्हा दाबली. दहा सेकंद केव्हाच होऊन गेले होते. केतकी पुढच्या पानाकडे सरकली आणि तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांना तिनं नीट तीनदा विचारलं.

सोमवारी इंगवलेंनी तिला बोलावलं. रात्रभरात माणूस उतरला होता. यादीतल्या दुसऱ्या नावानं पद स्वीकारलं होतं. नियमाप्रमाणं आता एकच वाट उरली होती, कारणं देऊन लेखी हरकत. हरकत जाहीर दप्तरात लागणार होती, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पत्र त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि शब्द एकदा नजरेखालून घालायला केतकीपुढं सरकवलं.

तिनं वाचलं. 'सभ्य माणूस पहिल्या विचारण्याला नको म्हणतो. ही आपल्याकडची रीत आहे आणि ती शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या नकाराला नकार समजणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. पुन्हा विचारणं हे विचारणाऱ्याचं कर्तव्य होतं. ते न केल्यामुळं माझं कधीही भरून न येणारं नुकसान झालं आहे.'

तिला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला आनंद होईल. तिला फक्त आक्काचा आवाज ऐकू येत होता, तिसऱ्याला मात्र थांबायचं गं. तिनं ठरवलं, या माणसाला आपण आक्काच्या रीतीनं विचारायचं. आईला जे मिळालं नाही ते याला द्यायचं, म्हणजे पुढं जे होईल ते याच्या पोटातलं असेल.

"सर, हे असंच पाठवायचं?"

"हो."

"एकदा विचार करून सांगा. हे सगळ्यांना वाचता येईल. चौकशी चालू आहे आपली."

इंगवलेंनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. पण अकरा वर्षं वाट पाहिलेलं अध्यक्षपद समोर होतं आणि एकेचाळीस म्हातारी माणसं लांब कुठंतरी होती.

"त्याचा आणि याचा काय संबंध? पाठव."

"तिसऱ्यांदा विचारते, सर. पाठवू?"

"किती वेळा विचारशील गं? पाठव म्हटलं ना."

तिनं पाठवलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चौकशीची शेवटची तारीख होती. सर्किट हाउसच्या दालनात पंखे फिरत होते आणि एकेचाळीस घरांतली माणसं भिंतीला लागून बसली होती. न्यायाधीश पागनीसबाईंनी चष्मा लावून इंगवलेंचं पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. आवाज कुठंही चढवला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, ही सही आपलीच का? इंगवले हो म्हणाले. मग पागनीसबाईंनी आक्काची नोंद लावायला सांगितली. दालनात आक्का बोलली, नको बाई, कशाला कुणाला तरास. शेजारीण म्हणाली, बरं.

"इंदुमती चौगुल्यांना रीत नव्हती, की आपल्याला वाटलं होतं रीत फक्त अध्यक्षांना असते?" पागनीसबाईंनी विचारलं.

दुपारी आदेश निघाला. 'आदर' त्याच दिवशी आठ लाख घरांतून काढायचा होता, तीनदा विचारणं परत आणायचं होतं, आणि एकेचाळीस मृत्यूंबद्दल जयराज इंगवलेंवर खटला भरायचा होता. भिंतीजवळची माणसं रडली, एकमेकांना धरून बाहेर गेली. शमीम दारात केतकीसाठी थांबली.

दालनात साक्षीदारांच्या बाकावर इंगवले एकटे राहिले होते. ओठ कोरडे पडले होते, जीभ फिरवून ते सारखे ओले करत होते. पाण्याचा तांब्या केतकीच्या बाजूच्या टेबलावर होता. तिचा हात आपसूक पेल्याकडे गेला. ते वळण आक्कानं लावलेलं होतं, त्यात तिचा काही इलाज नव्हता.

"पाणी देऊ?" तिनं विचारलं.

"नको," इंगवले म्हणाले.

लगेच म्हणाले, प्रश्न डोक्यात शिरायच्या आधी. आणि मग मान वर करून तिच्याकडे बघत राहिले. ते वाट बघत होते. हे नको कोणतं आहे हे त्या दालनात केतकीइतकं कुणालाच कळत नव्हतं. आक्का असती तर तिनं पुन्हा विचारलं असतं. या माणसालासुद्धा विचारलं असतं, आणि हे केतकीला पक्कं ठाऊक होतं.

"बरं," केतकी म्हणाली, आणि तिनं पेला तांब्यावर पालथा घातला.